लाटेची शेपटी आणि चौथ्या क्रमाची समीकरणे

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अवकल समीकरणे शिकवताना चौथा क्रम पहिल्यांदा भेटतो तो तुळईच्या निमित्ताने. तुळईवर भार ठेवला की ती किती वाकेल हे सांगणाऱ्या समीकरणात वाकाचा चौथा अवकलज येतो, आपण चार वेळा समाकलन करतो, चार स्थिरांक टोकांच्या अटींवरून काढतो आणि प्रकरण मिटते. मीही कित्येक वर्षे ते फळ्यावर असेच मिटवत आले. तुळई दोन्ही बाजूंना अमर्याद लांब असेल, तिच्याखाली लवचिक पाया असेल आणि त्या पायाचा प्रतिकार वाकाच्या सरळ प्रमाणात नसेल, तर हेच प्रकरण कुठवर जाते, याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. गेले काही महिने रात्रीच्या जेवणानंतरचा तासभर मी त्यालाच दिला आहे. त्यातले जे मला पक्के समजले, तेवढे येथे लिहून ठेवते.

ज्या समीकरणापाशी मी थांबले ते दिसायला साधे आहे: य'''' + पय'' + य − य² = ०. येथे क्ष हे तुळईवरचे स्थान, य हा त्या ठिकाणचा वाक (य वरची प्रत्येक खूण म्हणजे क्ष नुसार एकेक अवकलज) आणि प हे तुळईला लांबीच्या दिशेने दाबणारे बल आहे. प ऋण असेल तर तुळई दाबलेली नसून ताणलेली आहे असे समजावे. एकके अशी निवडलेली आहेत की बाकीचे सगळे गुणक १ होतात. 'य' हे पद पायाचा प्रतिकार दाखवते आणि 'य²' हे पद सांगते की वाक वाढला की पाया सैल पडत जातो. डोळ्यांसमोर आणायचे असेल तर उन्हाळ्यातला वेल्डिंग केलेला लांब रूळ आणावा. सांधे नसल्यामुळे त्याला लांबायला वाव नसतो, तापमानाबरोबर आतला दाब वाढत जातो, आणि एखाद्या दुपारी तो वाकतोच. पण वाकतो तो सगळीकडे थोडाथोडा नव्हे, तर एकाच ठिकाणी, काही मीटरांच्या टापूत. त्या टापूच्या दोन्ही अंगांना तो पुन्हा सरळ असतो. सरळ रूळ म्हणजे य = ०. शून्यातून निघून, मध्ये एक उंचवटा घेऊन पुन्हा त्याच शून्यात विरणारे हे जे उत्तर, त्याला होमोक्लिनिक उत्तर म्हणतात. एका समतोलातून निघून दुसऱ्या समतोलात जाऊन स्थिरावणारे उत्तर हेटरोक्लिनिक. घरून निघून घरीच परतणे आणि माहेराहून सासरी जाणे, असा तो भेद आहे. मात्र दोन्ही प्रवासांना दोन्ही टोकांना अनंत अंतर लागते.

हे दोन्ही शब्द फ्रेंच गणितज्ञ आंरी पोंकारे यांचे. 'क्लिनिक' ऐकून दवाखाना आठवत असेल तर तेही अगदीच चुकीचे नाही, कारण दोन्हींचा मूळ ग्रीक धातू कलणे, आडवे होणे याच अर्थाचा आहे. स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त १८८९ मध्ये दिलेल्या पारितोषिकाच्या निबंधात पोंकारे यांच्याकडून याच जागी चूक झाली होती. समतोलाकडे येणारे पृष्ठ आणि समतोलापासून निघणारे पृष्ठ ही एकमेकांशी तंतोतंत जुळतात असे त्यांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ती एकमेकांना छेदत होती. चूक लक्षात आली तोवर निबंध छापून झाला होता. पारितोषिक २५०० क्रोनरचे होते आणि तो अंक नव्याने छापण्यासाठी पोंकारे यांनी ३५८५ क्रोनर स्वतःच्या खिशातून भरले. त्या दुरुस्तीतून पुढे जे निघाले त्याला आज आपण केऑस म्हणतो.

आता चौथ्या क्रमाचे विशेष काय, ते पाहू. दुसऱ्या क्रमाच्या समीकरणाची अवस्था य आणि य' या दोन आकड्यांनी ठरते, म्हणून ती कागदावर काढता येते, आणि कागदावर दोन वक्र एकमेकांना ओलांडू शकत नसल्यामुळे उत्तरांना फारसे स्वातंत्र्य उरत नाही. चौथ्या क्रमात अवस्थेला य, य', य'', य''' असे चार आकडे लागतात. त्यात आपल्या समीकरणाला ऊर्जेसारखी एक राशी आहे, जी क्ष बदलला तरी बदलत नाही. त्यामुळे आपण चार मितींतून तीन मितींवर येतो. या तीन मितींत शून्याकडे येणारी अवस्थांची एक दोन मितींची पातळ चादर आहे आणि शून्यापासून निघणारी दुसरी. दोन अधिक दोन वजा तीन, उरला एक. म्हणजे या दोन चादरी भेटल्या तर साधारणपणे वक्ररेषेतच भेटतील, आणि ती वक्ररेषा म्हणजेच होमोक्लिनिक उत्तर. म्हणून प थोडा हलवला तरी ते उत्तर नाहीसे होत नाही. तीन मितींच्या साध्या प्रणालीत, ऊर्जेचे बंधन नसताना, एक मितीची चादर आणि दोन मितींची चादर यांची बेरीज-वजाबाकी शून्यावर येते आणि असे उत्तर एखाद्या नेमक्या प लाच योगायोगाने सापडते. ही बेरीज-वजाबाकी कळेपर्यंत मी होमोक्लिनिक उत्तराला दुर्मीळ वस्तू समजत होते.

एक उत्तर हाताने काढता येते आणि ते काढण्यात मोठी मजा आहे. उत्तर हायपरबोलिक सेकंटच्या चौथ्या घाताच्या रूपात असेल असे धरा: य = अ·स⁴, जिथे स हा बक्ष चा हायपरबोलिक सेकंट, म्हणजे मध्ये १ असून दोन्हीकडे शून्याकडे उतरत जाणारे फलन. दोनदा अवकलन केले की अब²(१६स⁴ − २०स⁶) मिळते; आणखी दोनदा केले की अब⁴(२५६स⁴ − १०४०स⁶ + ८४०स⁸). माझ्या वहीत पहिल्या खेपेला १०४० च्या जागी १०८० पडले होते आणि त्यापायी एक संध्याकाळ गेली. आकडे नीट ठेवले की आठव्या घाताच्या पदांवरून अ = ८४०ब⁴, सहाव्या घाताच्या पदांवरून प = −५२ब², आणि चौथ्या घाताच्या पदांवरून २५६ब⁴ − ८३२ब⁴ + १ = ०, म्हणजे ब⁴ = १/५७६. म्हणून ब² = १/२४, प = −१३/६ आणि अ = ३५/२४. अज्ञात तीन आणि अटीही तीन असल्यामुळे हे सूत्र पच्या एकाच किमतीला चालते. इतर पसाठी असे नेटके सूत्र या मार्गाने मिळत नाही.

पडताळा दोन प्रकारे घेता येतो. शून्यापाशी य² हे पद नगण्य असते, म्हणून उरलेल्या रेषीय समीकरणात घातांक ल ठेवला की ल⁴ + पल² + १ = ० मिळते. प = −१३/६ असताना ल² च्या किमती ३/२ आणि २/३ येतात. उत्तराची शेपटी, म्हणजे माथ्यापासून दूर शून्यात विरत जाणारा भाग, यांपैकी संथ घातांकाने, म्हणजे २/३ च्या वर्गमुळाने, सुमारे ०.८१६ ने, उतरायला हवी. आणि आपल्या सूत्रात ती ४ भागिले २४ चे वर्गमूळ या दराने उतरते, तेही ०.८१६ च. दुसरा पडताळा माथ्यावर आहे. सममित उत्तराच्या माथ्यावर य' आणि य''' दोन्ही शून्य असतात, म्हणून ऊर्जेच्या राशीतून एवढेच उरते की य'' चा वर्ग बरोबर य² − (२/३)य³. आपल्या उत्तरात माथ्यावर य = ३५/२४ आणि य'' = −य/६; डावीकडे य²/३६, उजवीकडे य²(१ − ७०/७२), म्हणजे तेही य²/३६. याच समीकरणातून आणखी एक गोष्ट फुकटात मिळते: वर्ग ऋण असू शकत नाही, त्यामुळे प काहीही असला तरी सममित होमोक्लिनिक उत्तराची माथ्यावरची उंची दीडच्या वर जाऊ शकत नाही.

इतर पसाठी संगणकाकडे जावे लागते, आणि तेथे पहिला धडा अपयशाचा मिळतो. माथ्यापासून निघून पावलापावलाने उजवीकडे जात राहिले, तर सुरुवातीची बारीकशी चूकही मोठ्या घातांकाने फुगते. प = −१३/६ असताना हा घातांक १.२२ आहे, म्हणजे दर दहा एककांना चूक सुमारे दोन लाखपट होते. माझा आलेख छान उतरत यायचा, शून्याला टेकतो टेकतो असे वाटायचे आणि तेवढ्यात वर किंवा खाली उधळायचा. उपाय असा की दोन्ही टोके बांधून घ्यायची. माथ्यावर य' = ० आणि य''' = ०; दूरच्या टोकाला, अवस्था शून्याकडे येणाऱ्या चादरीवरच असली पाहिजे म्हणून, य'' + √(२−प)·य' + य = ० ही अट आणि तिचा एकदा अवकलज. चार अटी झाल्या. मग मधल्या सगळ्या बिंदूंवरचे य एकदम सोडवायचे. ही शेवटची अट कोणत्याही पुस्तकातून न उचलता स्वतः मांडता आली, याचा मला अजून आनंद आहे. ऋण वास्तव भाग असलेल्या दोन मुळांचा गुणाकार नेहमी १ येतो, एवढे लक्षात आले की ती आपोआप सुचते.

या साऱ्याचा कणा शेपटीत आहे. ल⁴ + पल² + १ = ० ची मुळे प ≤ −२ असताना वास्तव असतात आणि शेपटी सरळ उतरून जाते. प −२ आणि २ यांच्यामध्ये आला की मुळे संमिश्र होतात आणि शेपटी वरखाली हेलकावे घेत विरते. विरण्याचा दर √(२−प) च्या निम्मा, हेलकाव्यांचा दर √(२+प) च्या निम्मा. प = ० घेतला तर दोन्ही दर सारखेच, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्याच्या सुमारे तेविसाव्या हिश्श्याचा, उलट्या दिशेने; ४.४४ एककांमागे एक. प = १.९ ला तो आधीच्याच्या साठ टक्के असतो, त्यामुळे रूळ लांबवर नागमोडी दिसतो. प = −१.९ ला मात्र हेलकावे १९.९ एककांच्या अंतरावर आणि प्रत्येक आधीच्याच्या अब्जांश तीन हिस्से. आलेखावर ती शेपटी आणि प = −२.१ ची शेपटी शेजारी ठेवल्या तर डोळ्याला काही फरक कळत नाही. प २ ला पोहोचला की विरणेच थांबते. अभियंते ज्याला क्रांतिक भार म्हणतात तो हाच.

तरीही डोळ्याला न दिसणाऱ्या त्या हेलकाव्यांवर सगळे गणित उलटते. चार्ल्स अॅमिक आणि जॉन टोलंड यांनी १९९२ मध्ये दाखवले की प ≤ −२ असेल तर डावी-उजवीकडे सरकवणे सोडले तर होमोक्लिनिक उत्तर नेमके एकच आहे. म्हणजे माझ्या वहीतले सेकंटवाले उत्तर हे प = −१३/६ चे एकमेव उत्तर ठरते. आणि प −२ पेक्षा किंचितसाच वर गेला की उत्तरे अनंत होतात. हे बोरिस बुफोनी, अॅलन चॅम्पनीज आणि टोलंड यांच्या १९९६ च्या कामात आहे. त्याचा पाया रॉबर्ट डेव्हनी यांनी १९७६ मध्ये घातला होता: ऊर्जा राखणाऱ्या अशा प्रणालीत समतोलापाशी मुळे संमिश्र असतील आणि त्या दोन चादरी एकमेकींना स्पर्श न करता खरोखर छेदत असतील, तर एका उत्तराच्या आसपास उत्तरांचे अख्खे गाव वसलेले असते.

कारण समजायला अवघड नाही. दोन उंचवटे एकमेकांपासून दूर ठेवा. ते एकमेकांना ओळखतात ते फक्त शेपटीतून. शेपटी सरळ उतरणारी असेल तर एकाचा दुसऱ्यावरचा परिणाम कोणत्याही अंतरावर एकाच दिशेचा असतो. ते एकमेकांना एक तर ओढत राहतील किंवा ढकलत राहतील, आणि कुठेही एकत्र थांबू शकणार नाहीत. शेपटी हेलकावणारी असेल तर अंतराप्रमाणे ओढ आणि ढकल आळीपाळीने येतात, आणि जिथे एक संपून दुसरी सुरू होते त्या प्रत्येक अंतराला जोडी अडकून बसू शकते, कुलपातल्या खाचांत किल्ली बसावी तशी. खाचा अनंत आहेत म्हणून जोड्याही अनंत. मग तिळे, मग चौकड्या, प्रत्येकीची अंतरे वेगळी. पुढे प वाढवत नेला की ही उत्तरे दोन-दोन करून एकमेकांत मिसळतात आणि नाहीशी होतात.

झुलत्या पुलांच्या गणितात हेच समीकरण थोड्या वेगळ्या वेशात येते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३८ च्या फेब्रुवारीत जोराच्या वाऱ्यात रस्त्याच्या पट्टीवरून उभ्या लाटा धावताना पुलाच्या मुख्य अभियंत्याने पाहिल्या होत्या. त्या निरीक्षणाचा आधार घेऊन जोसेफ मॅकेना आणि वोल्फगांग वॉल्टर यांनी १९९० मध्ये धावत्या लाटांचे समीकरण मांडले. पुलाचे दोर ओढू शकतात पण ढकलू शकत नाहीत, ही त्यातली अरेषीयता. त्यात एक कोपरा येतो, म्हणून १९९७ मध्ये यूए चेन आणि मॅकेना यांनी त्याचे गुळगुळीत रूप घेतले: य'''' + ग²य'' + ई^य − १ = ०, जिथे ग हा लाटेचा वेग आणि ई हा नैसर्गिक लॉगरिथमचा पाया. शून्यापाशी हे आपल्याच समीकरणासारखे वागते; फक्त प च्या जागी ग² आहे, म्हणून ग √२ पेक्षा लहान असेपर्यंत शेपटी हेलकावत विरते. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. ७ नोव्हेंबर १९४० रोजी कोसळलेल्या अमेरिकेतल्या टॅकोमा या झुलत्या पुलाची चित्रफीत दाखवून हे समीकरण शिकवण्याची पद्धत आहे, पण तो पूल शेवटी पिळवटत होता आणि या समीकरणात पीळ नाहीच. विद्यार्थ्यांना ते सांगितलेले बरे.

या समीकरणाबद्दलचा मला सर्वांत आवडणारा निकाल २००६ चा आहे. ब्रॉयर, होराक, मॅकेना आणि प्लुम या चौघांनी ग = १.३ या एकाच वेगाला किमान ३६ वेगवेगळ्या एकाकी लाटा, म्हणजे होमोक्लिनिक उत्तरे, आहेत हे सिद्ध केले, आणि सिद्धतेत संगणक वापरला. यावर कुणी नाक मुरडेल, म्हणून सांगते की येथे संगणकाने 'आलेखात तसे दिसते' एवढेच सांगितलेले नाही. आधी अंदाजे उत्तर काढायचे, मग प्रत्येक आकड्याऐवजी तो आकडा ज्यात नक्की आहे असा अंतराल, म्हणजे दोन टोकांमधला पट्टा, घेऊन सगळी आकडेमोड करायची, म्हणजे राउंडिंगची चूकही हिशेबात येते, आणि शेवटी स्थिरबिंदूच्या प्रमेयाने दाखवायचे की अंदाजाच्या इतक्या जवळ एक खरे उत्तर असलेच पाहिजे. ग = १.३ ला प च्या जागी १.६९ येतो, हिशेब केला तर प्रत्येक हेलकावा आधीच्याच्या सुमारे चाळीस टक्के असतो. म्हणजे खाचा चांगल्या खोल आहेत. ३६ चा आकडा ऐकून मला आधी जे आश्चर्य वाटले होते, ते हा चाळीस टक्क्यांचा हिशेब केल्यावर बरेच कमी झाले. २०१८ मध्ये वान डेन बर्ग, ब्रेडेन, लेसार आणि मरे यांनी याच पद्धतीने ग² च्या ०.५ ते १.९ या सलग पट्ट्यातल्या प्रत्येक किमतीला होमोक्लिनिक उत्तर असल्याचे सिद्ध केले.

हेटरोक्लिनिक बाजूचे प्रातिनिधिक समीकरण म्हणजे विस्तारित फिशर-कोल्मोगोरोव्ह समीकरण. नाव मला पटत नाही, कारण फिशर आणि कोल्मोगोरोव्ह यांच्या १९३७ च्या मूळ समीकरणांत दोन स्थिर अवस्थांमधला सामना नव्हता, आणि येथे तोच मुख्य आहे. पण रूढ झाले ते झाले. काळानुसार न बदलणाऱ्या उत्तरांसाठी ते असे होते: गॅमा·य'''' − य'' − य + य³ = ०. समतोल +१ आणि −१. गॅमा शून्य असेल तर −१ कडून +१ कडे जाणारे उत्तर म्हणजे सरळ चढणारा हायपरबोलिक टँजंट. गॅमा वाढवत नेला तर १/८ या किमतीला मुळे संमिश्र होतात; १ भोवती रेषीय समीकरण लिहून ल² काढला की वर्गमुळाखाली १ − ८·गॅमा येते, त्यावरून हे लगेच दिसते. गॅमा १/८ पर्यंत असेल तर मर्यादेत राहणाऱ्या, अनंताकडे न उधळणाऱ्या उत्तरांचे चित्र दुसऱ्या क्रमाच्या समीकरणासारखेच राहते, चढणारी वाट एकच, हे यान बाउवे वान डेन बर्ग यांनी २००० च्या सुमारास दाखवले. त्यापलीकडे गेले की +१ आणि −१ या दोन बिंदूंभोवती वाटेल त्या क्रमाने वळसे घेत जाणाऱ्या वाटा निघतात. कॅलीस, क्वापिश आणि वांडरवोर्स्ट यांनी १९९८ मध्ये प्रत्येक वाटेला तिच्या वळशांच्या नोंदीचे नाव दिले आणि त्या नोंदीत बसणाऱ्या सगळ्या वाटांपैकी कमीत कमी ऊर्जेची वाट शोधून काढली. हेही काम शेवटी शेपटीपाशीच येते.

मागच्या आठवड्यात मी प = −१.९ चे उत्तर चार अटींच्या पद्धतीने काढले. साध्या आलेखावर एक गुळगुळीत घंटा दिसली, दोन्ही बाजूंनी शून्यावर टेकलेली. मग उभ्या अक्षावर य ऐवजी त्याच्या निरपेक्ष किमतीचा लॉगरिथम घेतला. उतरती रेषा सरळ खाली येत होती आणि एका जागी तिला अणकुचीदार खोल खाच पडली होती, म्हणजे तेथे य शून्य ओलांडून पलीकडे गेला होता. पुढची खाच जवळपास वीस एककांवर यायला हवी होती. पण तिथवर य संगणकाच्या सोळा अंकांच्याही खाली गेला होता आणि आलेखात नुसती खरखर उरली होती. आता तोच हिशेब पन्नास अंकांनी करायला लावला आहे, आणि माझा जुना लॅपटॉप दुपारपासून त्यावर बसला आहे.